उजवीकडे वळताना 'कट्', डावीकडे काही नाही

सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही गॅरेजच्या दारात पाच मिनिटं उभं राहावं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एरवी मीटिंगमध्ये "मुद्द्याचं बोला" म्हणून चारचौघांना गप्प करणारे एक गृहस्थ गाडीतून उतरतात, मेकॅनिकच्या कानाशी जातात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "कट्-कट्-कट्." मेकॅनिक हातातला पाना खाली न ठेवता विचारतो, "कट्-कट् की खट्-खट्?" गृहस्थ डोळे मिटून आठवतात. "खट् नाही. खट् स्पीडब्रेकरवर. वळताना कट्." मागे उभे असलेले दुसरे मालक आपली पाळी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात 'घुंऽऽ'चा सराव करत असतात.

या नकलांना कमी लेखायचं कारण नाही. अमेरिकेत त्यांच्या जोरावर एक अख्खा रेडिओ कार्यक्रम चालला. 1977 मध्ये बॉस्टनच्या स्थानिक केंद्रावर सुरू झालेला 'कार टॉक' 1987 पासून देशभर ऐकू जायला लागला आणि 2012 पर्यंत त्याचे नवे भाग येत राहिले. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ तो चालवत. दोघेही एमआयटीचे पदवीधर, दोघांचं स्वतःचं गॅरेज, आणि रेडिओवर त्यांनी घेतलेली नावं 'क्लिक' आणि 'क्लॅक'. लोक फोन करत आणि आपली गाडी कशी कण्हते ते देशाला करून दाखवत. भाऊ आधी पोट धरून हसत, पुन्हा एकदा करायला लावत, पुन्हा हसत आणि मग विचारत: वळताना की सरळ जाताना? इंजिन थंड असताना की तापल्यावर? निदान त्या प्रश्नांत असे. नक्कल ही फक्त फी होती.

आपल्याकडे नकलेवर भागत नाही, कारण गॅरेजच्या फाटकातून आत शिरताच आवाज बंद होतो. हा गाडीचा खोडसाळपणा आहे असं मालकाला वाटतं. त्यामागचं कारण साधं आहे. वळताना होणाऱ्या आवाजाला सहसा चाकांवर ठरावीक वजन, ठरावीक वेग, स्टेअरिंगचा ठरावीक कोन आणि ठरावीक तापमान लागतं. घरी सकाळी सात वाजता गाडी रात्रभर गारठलेली असते, रबर कडक झालेलं असतं, मागे तीन जण आणि डिकीत गावाकडचे तांदूळ असतात, आणि पार्किंगच्या चढावरून चाकं पूर्ण वळवून गाडी बाहेर काढावी लागते. गॅरेजला पोचते ती ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी. तांदूळ उतरलेले, कुटुंब उतरलेलं आणि समोर सपाट फरशी. आवाजाच्या सगळ्या अटी घरीच राहिलेल्या असतात.

मग निघते ती ट्रायल. मेकॅनिक चालवायला, मालक शेजारी. जो आवाज जावा म्हणून आठवडाभर देवाला हात जोडले, तोच आता यावा म्हणून मालक मनातल्या मनात पुन्हा हात जोडतो. पहिला स्पीडब्रेकर, काही नाही. उजवं वळण, काही नाही. "आत्ता येत होता हो!" मेकॅनिक मान डोलावतो. हे वाक्य त्याला पाठ आहे. तेवढ्यात एक बारीक 'टिक्' होतं आणि मालक उसळतो, "हाच! हाच तो!"

"साहेब, हा इंडिकेटर आहे."

गॅरेजपर्यंत पोचण्याआधी आवाज तज्ज्ञांच्या हाताखालून गेलेला असतो. सोसायटीत एक निवृत्त काका असतात. त्यांच्याकडे कधीकाळी प्रीमियर पद्मिनी होती, एवढ्या भांडवलावर ते आजही कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडायला लावतात. दुबईचा मेहुणा व्हिडिओ कॉलवर ऐकतो आणि "गिअरबॉक्स" म्हणतो. ऑफिसचा ड्रायव्हर ऐकतही नाही, "विकून टाका" म्हणतो. या सगळ्यांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर: "आधी अलाइनमेंट करून घ्या." अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून जागेवर आणणं. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ते हवंच. पण झिजलेला सांधा कोन बदलल्याने भरून येत नाही, आणि सांधा ढिला ठेवून केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकतं. तरी त्या पावतीने आठ दिवस बरं वाटतं. त्या आठ दिवसांत काचा बंद ठेवून, गाणी जरा मोठ्याने लावून, मालक घरी सांगतो की फरक पडलाय.

आवाजाचा ठिकाणा लागत नाही तो पोलादामुळे. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादात पाच हजार मीटरच्या वर. डाव्या चाकापाशी झालेली 'टक्' पत्र्यातून, डॅशबोर्डच्या मागून फिरून उजवीकडे बसलेल्या चालकाच्या पायापाशी निघते आणि तो शपथेवर सांगतो की आवाज इथून, एक्सिलरेटरच्या खालून येतोय. म्हणून जुने मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक संशयित भागावर टेकवतात आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी त्यांना काहीतरी खासगी सांगते आहे. पॅरिसच्या रेने लायनेकने 1816 मध्ये कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आता लोखंडी सळईचा स्टेथोस्कोप गॅरेजसाठीही मिळतो. त्याच्याही पुढची सोय म्हणजे चिमट्याचे मायक्रोफोन. लोअर आर्मला एक, स्प्रिंगला एक, लिंकला एक असे लावायचे, गाडी रस्त्यावर न्यायची आणि हेडफोनमध्ये पाळीपाळीने एकेकाचं ऐकून घ्यायचं.

पुण्यात वेताळ टेकडीवर 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, लोकांच्या तोंडी एआरएआय. तिथे वाहनांचे आवाज आणि कंपनं मोजायची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेतल्या खोलीच्या भिंती आवाज शोषून घेतात, म्हणजे फक्त गाडीचाच आवाज ऐकू यावा. टेकडीखाली पौड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता नेमकी उलटी सोय आहे.

आता 'कट्-कट्'कडे वळू. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की चाकाच्या फेऱ्याबरोबर कट्-कट्-कट्, वेग वाढला की भराभर, गाडी सरळ झाली की गप्प. असा आवाज असेल तर संशय बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत त्या चाकांना दोन कामं एकदम करावी लागतात, फिरायचं आणि वळायचं. एक्सलच्या टोकाला सहा गोळ्यांचा हा सांधा असतो म्हणून ते जमतं. आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने 1920च्या दशकात तो शोधला आणि 1959च्या ब्रिटिश मिनीने तो छोट्या गाड्यांत रुळवला. आपल्या पद्मिनीत आणि अँबॅसडरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची, त्यामुळे पुढे या सांध्याचं काम नव्हतं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात 'कट्-कट्' घेऊन आली. जुन्या गाड्या गप्प होत्या असं कुणी समजू नये. त्यांचे आवाज वेगळे होते आणि त्या सगळ्यांवर 'ऑइलिंग-ग्रीसिंग' हा एकच उतारा चालायचा.

या सांध्याचा जीव घेतो तो फाटका रबर. सांध्यावर घड्यांचा रबरी बूट असतो, आत ग्रीस. बूट चिरला की चाकाबरोबर फिरत ग्रीस बाहेर उडतं आणि त्या जागी वाळू, चिखल, पावसाचं पाणी मुक्कामाला येतं. बूट काही शे रुपयांचा, सांधा काही हजारांचा. बूट चिरल्याचं वेळीच दिसलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. कट्-कट् सुरू झाल्यावर नवा बूट चढवला तर झिजलेला सांधा फक्त नीटनेटका दिसतो. तपासायला मोकळं मैदान पुरतं: स्टेअरिंग एका टोकाला धरून सावकाश गोल फिरायचं, मग दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी मैदानात एखादा मध्यमवयीन माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी गोल गोल फिरवताना दिसला तर त्याला हटकू नये.

दुसरा आवाज जागच्या जागी होतो. गाडी उभी, स्टेअरिंग फिरवलं की पुढून 'टण्ण'. पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोकाला रबरी माउंटिंग असतं आणि त्यात एक चपटं बेअरिंग. चाक वळलं की स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप त्या बेअरिंगवर फिरतो. बेअरिंग गंजून जाम झालं की खाली स्प्रिंग पिळत जाते आणि पीळ असह्य झाला की एकदम सुटते. हे पकडायला दोन माणसं लागतात. एकाने स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बोटं वेटोळ्यांच्या मध्ये न घालता स्प्रिंगला बाहेरून हात लावून धक्का जाणवतो का ते पाहायचं. घरच्या घरी हा प्रयोग केला तर आतला "फिरवू का?" म्हणून ओरडतो, बाहेरचा "थांब!" म्हणून ओरडतो आणि त्या गोंधळात 'टण्ण' कुणालाच ऐकू येत नाही.

खरी करमणूक 'खट्-खट्'ची, कारण तो कुणाचाही असू शकतो. पुढच्या एका चाकाला धरून ठेवायला लोअर आर्म, त्याची बुशं, बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड, स्टॅबिलायझरची लिंक एवढी मंडळी कामाला असतात आणि झिजल्यावर सगळ्यांचा सूर एकच. छोट्या खड्ड्यांवर, डावं-उजवं चाक आळीपाळीने उचललं जातं तिथे वाजत असेल तर पहिला संशय लिंकवर. ही एक साधी सळई, दोन टोकांना दोन छोटे सांधे, या सगळ्या मंडळींत स्वस्तातली, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर लवकर जाणारी. ब्रेक लावताना एकदाच 'धप्' झालं तर लोअर आर्मची बुशं पाहावीत. स्टेअरिंग किंचित हलवताना हातालाच टक् जाणवली तर टाय रॉड एन्ड, रॅक किंवा स्टेअरिंगच्या कॉलमखालचा क्रॉस-सांधा. जुलैमध्ये महाराष्ट्रात यासाठी वेगळा चाचणी-मार्ग शोधावा लागत नाही.

आणि इथेच "रॅक गेला" हे वाक्य कानावर येतं. रॅक म्हणजे दातेरी दांडी. स्टेअरिंगच्या टोकाचं छोटं दातेरी चाक तिला डावी-उजवीकडे सरकवतं आणि ती पुढची चाकं वळवते. या मंडळींत सगळ्यात महाग तीच, म्हणून खट्-खट् वरचा सगळ्यात मोठ्या बिलाचा उपायही तोच. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात लिंक मागितली तर दुकानदार गाडीचं वर्ष विचारतो आणि न उठता फळीवरून काढून देतो. रॅक मागितला तर आधी बसायला खुर्ची देतो. रॅक खरोखर जातोही. पण पुष्कळदा त्याच्या एका टोकाचं प्लास्टिकचं बुशच झिजलेलं असतं आणि ते लेथवर नवं करून देणारे कारागीर गावोगावी आहेत.

काही जण रॅकच्या पाठीचा नट आवळून आवाज घालवतात. त्याने दातांमधली फट कमी होते, हे खरं. प्रमाणाबाहेर आवळला की आवाज जातो आणि त्याच्याबरोबर वळणानंतर स्टेअरिंगने आपणहून सरळ येणंही जातं. मालक खूश होऊन घरी निघतो, पहिल्या चौकात उजवीकडे वळतो आणि वळतच राहतो.

निदानाची चांगली रीत बिनखर्चाची आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने स्टेअरिंग घड्याळातल्या 11 ते 1 एवढंच भराभर इकडेतिकडे करायचं आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. झिजलेला सांधा हाताखाली टिक् करतो. मग चाक जॅकवर उचलायचं. वर-खाली धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलाई, लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉड. यात पडदा नाही, छापील रिपोर्ट नाही, म्हणून या दहा मिनिटांचे पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं.

'घुंऽऽ' हा तेलाचा आवाज. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1920च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग तयार केलं आणि 1951 मध्ये क्रायस्लर इम्पिरियलमधून ते बाजारात आलं. स्टेअरिंग टोकाला नेऊन धरलं की अशा यंत्रणेत तेलाचा दाब टायरमधल्या हवेच्या तीसेक पट होतो, सुटकेची झडप उघडते आणि पंप कण्हतो. हा बिघाड नव्हे, निषेध आहे. तिथे पाच सेकंदांहून जास्त धरू नये, कारण तेल तापतं. पार्किंगमध्ये गाडी लावणारे लोक मात्र नेमकं तिथे धरून फोन घेतात. प्रत्येक वळणाला घुं होत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल तर तेल कमी झालंय, कुठून तरी हवा शिरली आहे. गळती शोधायची, कंपनीने सांगितलेलंच तेल भरायचं, पुढची चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढायची. पंप बदलायची पाळी बहुधा त्यानंतरची.

त्या पंपाचा पट्टा सकाळी 'चीं' करत असेल तर चालू इंजिनावर, बाह्या आणि ओढणी सांभाळून, लांबून पाण्याची फवारणी करून पाहतात. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पट्टा झिजलाय किंवा पुली तिरकी आहे. वाढला तर पट्टा सैल.

विजेवरच्या स्टेअरिंगने हे सगळं निकालात काढलं. सुझुकीने 1988 मध्ये जपानात सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरचं पॉवर स्टेअरिंग आणलं आणि आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत तेच आहे. त्यात तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. तरीही सर्व्हिसच्या बिलात 'पॉवर स्टेअरिंग ऑइल टॉप-अप' अशी ओळ अधूनमधून उगवते. अशा वेळी मालकाने त्या ओळीवर बोट ठेवून नम्रपणे एवढंच विचारावं, "कुठे ओतलं?"

विजेचं स्टेअरिंगही अगदी मुकं नसतं. काही गाड्यांत मोटर आणि दांड्याच्या मध्ये एक रबरी चकती असते. तिचा चुरा झाला की स्टेअरिंग हलवताना बारीक टक्-टक् होते. चकती तळहातावर मावते, किंमत किरकोळ, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा कॉलम उतरवावा लागतो. अशा कामाचं बिल पाहून "एवढ्याशा रबराचे एवढे?" असं विचारणाऱ्याला मेकॅनिक चकतीच्या आधी उघडलेल्या नट-बोल्टचा ढीग दाखवतो. स्टेअरिंग फिरवताना कागद चुरगळल्याची खरखर येत असेल तर स्टेअरिंगच्या चाकामागच्या क्लॉक स्प्रिंगकडे पाहावं. ती चपट्या तारांची गुंडाळी हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवते. खरखरीबरोबर हॉर्न बंद पडला किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर तिथे काकांना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू देऊ नये. एअरबॅग ही स्फोटाने उघडणारी वस्तू आहे.

वेगाबरोबर वाढणारी 'हूंऽऽ' ही चाकाच्या बेअरिंगची. लांबलचक डाव्या वळणावर ती वाढली तर उजवं बेअरिंग तपासावं, कारण वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर झुकतं. टायरही असेच गुणगुणतात, पण डांबर संपून काँक्रीट लागलं की त्यांची पट्टी बदलते. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पहिल्यांदाच गाडी घालणारे बरेच जण लोणावळ्याला थांबून चाकं हुंगून पाहतात आणि चिक्की घेऊन पुढे जातात.

सगळ्यात जास्त घाबरवणाऱ्या आवाजात मात्र काहीच बिघडलेलं नसतं. मॉलच्या तळघरात, रंगवलेल्या गुळगुळीत फरशीवर, ताशी पाच किलोमीटरने वळतानाही टायर किंचाळतात. मागच्या सीटवरून सूचना येते, "अहो, हळू!" आणखी हळू गेलं तर गाडी उभी राहील. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात जातं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं चाक थोडं जास्त वळायला लागतं. तसं वळवणारी जोडणी म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने 1817 मध्ये शोधली. 1818 मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट काढलं त्याचा एजंट रुडॉल्फ अकरमन याने, आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजतागायत नाव आहे ते अकरमनचं. शोध कारागिराचा आणि बोर्ड एजंटचा, ही या धंद्याची रीत मोटारीच्याही आधीची आहे. प्रत्यक्ष गाड्यांत हे गणित अंदाजे बसवलेलं असतं, त्यामुळे वळताना टायर किंचित घसटतात. डांबरावर ते कळत नाही, गुळगुळीत फरशीवर अख्ख्या तळघराला कळतं.

यापलीकडे ज्यांचा मोटारीशी संबंधच नाही असे आवाज. वळणावर डावीकडून उजवीकडे 'घरंगळ-टक्' करत जाणारी सीटखालची पाण्याची बाटली, जी अनेकदा मेकॅनिक काढून देतो आणि मालक "हो का, अरेच्चा" म्हणत कानाच्या पाळीपर्यंत लाल होतो. डिकीत सैल सुटलेला जॅक. किल्लीला लटकवलेला अष्टविनायकाचा जुडगा, जो प्रत्येक वळणाला कॉलमवर आपटतो. पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत पानं अडकून पाणी तुंबतं आणि वळताना डॅशबोर्डमागे 'चुळुक्' होतं. ती पानं काढली की उपचार संपला. ब्रेकच्या तबकडीमागे बारीक खडा अडकला तर चाकातून जीवघेणी 'कर्रर' येते. गाडी दोन-चार वेळा मागे-पुढे केली की बहुतेकदा खडा पडतो.

काही घरांत या सगळ्यावर एकच औषध असतं, डब्ल्यूडी-40. अमेरिकेत सॅन डिएगोला 1953 मध्ये पाणी हटवणारं हे मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात 40, आणि सुरुवातीला ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. आपल्याकडे ते दाराची बिजागरी, मुलाची सायकल आणि लोअर आर्मचं बुश यांवर सारख्याच भक्तिभावाने मारतात. बिजागरी सुधारते. बुशाचा आवाज दोन दिवस जातो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो.

भाग बदलला की काम संपलं असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. लोअर आर्मचं बुश घालताना शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिचं वजन पडल्यावर आवळायचा असतो. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच आतला रबर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग "डुप्लिकेट माल" म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. टाय रॉड बदलल्यावर मात्र अलाइनमेंट करायचंच. काकांचा सल्ला अखेर इथे बरोबर ठरतो आणि ते सोसायटीभर सांगतात.

इलेक्ट्रिक गाड्यांनी तर या मंडळींना नवं व्यासपीठ दिलं. इंजिनाची घरघर गेल्यावर तिच्याखाली दडलेल्या लिंका, बुशं आणि डॅशबोर्डची प्लास्टिकं मोकळेपणाने बोलू लागली. मालकाला वाटतं नवी गाडी जास्त वाजते. वाजते पूर्वीएवढीच, ऐकू जास्त येते.

मात्र काही आवाजांना ट्रायलची वाट पाहायची नसते. खट्-खट् बरोबर स्टेअरिंगमध्ये ढिलाई आली, सरळ रस्त्यावर गाडी भटकायला लागली, किंवा वळवताना स्टेअरिंग मध्येच अडकलं, तर टाय रॉड किंवा बॉल जॉइंट निसटायच्या बेतात असू शकतो. तो निसटला की त्या चाकावर चालकाची सत्ता संपते. अशी गाडी बाजूला घ्यायची आणि उचलून न्यायची. घाट उतरून खाली गेल्यावर बघू, असं म्हणायचं नाही.

बाकीच्या आवाजांसाठी वाचकांना एवढीच विनंती. आवाज मोबाइलवर टिपून घ्या. उजवं वळण की डावं, वेग किती, गाडी थंड की तापलेली, रस्ता कसला, हे चार शब्दांत लिहून गॅरेजला न्या. रॅकचं नाव निघालं तर "प्ले कुठे आहे तो दाखवा" म्हणा आणि हात लावून पाहा. बदललेला जुना भाग परत मागा, आणि तो मागणार आहात हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. घरी नेऊन त्याचं काही करायचं नसतं, पण आधी सांगितलं की जो खराब आहे तोच भाग बदलला जाण्याची शक्यता बरीच वाढते.